नवा भोंगा, जुना सेट

जुन्या रेडिओ-सेटचं मागचं झाकण उघडलं की आधी वास यायचा. उंदराच्या मुताचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि गरम होऊन जळालेल्या धुळीचा, असा तिन्ही मिळून एकच. तो वास नाकात गेला की संध्याकाळच्या जेवणापर्यंत जात नसे. बायको म्हणायची, आधी विहिरीवर जाऊन आंघोळ करा, मग घरात या.

गावोगावच्या ग्रामपंचायतींचे रेडिओ सांभाळायचं माझं काम होतं. अकोल्याला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला आणि सत्तरच्या सुरुवातीला वाशीमच्या कचेरीत मेकॅनिक म्हणून लागलो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होतं. वडील दुसऱ्याच्या वावरात राबून गेले. छप्पन सालानंतर आमच्या घरातून जुने देव उठले आणि वडिलांनी एकच गोष्ट धरून ठेवली, की पोरगा सरकारी कामावर लागला पाहिजे. मी लागलो. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात सोल्डरिंगची पेटी आणि पायाखाली एसटीचा पत्रा.

योजना कागदावर चांगली होती. प्रत्येक गावाला एक मोठा रेडिओ, त्याला जोडलेला एक भोंगा. संध्याकाळी सगळ्या गावानं जमून बातम्या ऐकाव्यात, शेतीचा कार्यक्रम ऐकावा, बाजारभाव ऐकावेत. प्रत्यक्षात सेट सरपंचाच्या ओसरीत असायचा आणि त्याच्यावर पानाची तबकं, सुपाऱ्या, लहान लेकरांचे ओले लंगोट ठेवलेले असायचे. एका गावी सेटच्या जाळीवर तंबाखूच्या पिचकाऱ्यांचे इतके थर बसले होते की मला ते पटाशीनं खरवडावे लागले. दुसरीकडे आतल्या दिव्यांच्या उबेला उंदरीण व्यालेली होती. जुन्या सेटमध्ये काचेचे वॉल्व्ह असत, गावातले लोक त्यांना दिवे म्हणत. त्या दिव्यांच्या मधोमध कापूस, चिंध्या आणि लालभडक पिल्लं. घरमालक मागं उभा राहून हसत होता आणि मला म्हणत होता की, पाहा, सरकारी रेडिओनं लेकुरवाळीले आसरा देला. मी पिल्लं कागदावर काढून ठेवली. त्याला ती काढायला सांगितलं असतं तर त्यानं हात लावला नसता. घाण काढायला सरकारनं माणूस पाठवलेलाच होता.

तरी या घाणीची मला सवय झाली होती. दुसऱ्या घाणीची झाली नाही. ती मी सांगतो आहे.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा वरून नवा माल आला. जुने दिव्यांचे सेट अवजड होते, एकेकाला उचलायला दोन माणसं लागायची. त्यांच्या जागी हलके ट्रान्झिस्टरचे सेट येणार, जुन्या काळ्या भोंग्यांच्या जागी चकचकीत राखाडी भोंगे येणार, असं आम्ही कधीपासून ऐकत होतो. खोकी उघडली तेव्हा कळलं की सेट निम्म्याच गावांना पुरतील एवढे आहेत आणि भोंगेही निम्म्याच गावांना. यात काही बिघडलं नव्हतं. निम्म्या गावांना दोन्ही नवं द्यायचं आणि उरलेल्यांना पुढच्या वर्षी. पण आमच्या साहेबांनी वाटप असं केलं की, एका गावाला नवा सेट आणि दुसऱ्याला नवा भोंगा. म्हणजे प्रत्येकाला काहीतरी मिळालं, कोणाची तक्रार नको. साहेब मूळचे पुण्याकडचे, स्वच्छ कपड्यांचे, टेबलावर काच ठेवणारे. मी त्यांना म्हणालो की नवा भोंगा जुन्या सेटवर चालणार नाही आणि जुना भोंगा नव्या सेटवर चालणार नाही. त्यांनी विचारलं की वायर जोडता येते की नाही. मी म्हणालो, वायर जोडता येते. ते म्हणाले, मग जोडा.

वायर जोडता येत होती हे खरं. जुन्या सेटच्या पाठीला दोन पितळी स्क्रू होते, नव्या भोंग्याच्या वायरीला बारीक टोकदार पिन होती. पिन कापून टाकली, वायर सोलली, स्क्रूखाली पिळून बसवली की जोडणी झाली. पण दिव्यांचा सेट ज्या हिशेबानं भोंग्याला जोर पुरवतो तो हिशेब जुन्या भोंग्यासाठी बांधलेला. नव्या भोंग्याचं पोट वेगळं. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला तर दोघांचं जमतं. त्याला आम्ही मॅचिंग म्हणायचो. मॅचिंग मालाबरोबर आलंच नव्हतं. मागवलं तर उत्तर आलं की, त्याची तरतूद नाही. बदललेला जुना माल लगेच भंगारात जमा करायचा हुकूम होता, त्यामुळं पुन्हा लावायलाही काही उरत नव्हतं.

शेलूबाजारजवळच्या एका गावाच्या वाट्याला नवा भोंगा आला होता. तिथले सरपंच मोठे शेतकरी, बोलायला अत्यंत गोड. पांढरंशुभ्र धोतर, खादीची बंडी, कपाळाला अष्टगंध. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात ते जे भाषण करायचे ते मी एकदा ऐकलं होतं. सगळे भारतीय भाऊ आहेत, गावात भेदभाव राहिला नाही पाहिजे, असं घसा भरून येईपर्यंत बोलले होते. मी गेलो की ते पाटावर बसवत, घरातून चांगल्या कपबशीत चहा येई. माझ्या आडनावावरून काही कळत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते मेकॅनिकसाहेब म्हणत.

मी त्यांच्या माडीवर चढून नवा भोंगा बांधला, वायर खाली आणली, जोडली आणि सेट लावला. दिवे तापायला वेळ लागतो, तोवर अंगणात पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. मग आवाज आला. इतका बारीक की, खाली ओसरीत बसलेल्या माणसानं विचारलं, चालू झाला का? भोंग्याच्या तोंडाशी कान लावला तर बातम्या देणारी बाई नाकातून बोलल्यासारखी ऐकू येत होती.

सरपंचांचा चेहरा पडला. लोकांसमोर त्यांची फजिती झाली असं त्यांना वाटलं. मी त्यांना मॅचिंगचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळू आवाजात, गोडच, म्हणाले की नव्या भोंग्यातलं काही सामान कचेरीतच काढून घेतलं असेल तर सांगा, मी कोणाला बोलणार नाही. मी पिशवी उचलली आणि निघालो. चोर ठरवायला या माणसाला काहीच लागलं नव्हतं.

रिसोडकडच्या एका गावी उलटा प्रकार. तिथं नवा सेट आला होता आणि भोंगा जुनाच. त्या गावच्या सरपंचानं स्वतःचा रेडिओ घेतल्यापासून पंचायतीचा रेडिओ त्याला घरात नकोसा झाला होता. लोक येऊन बसतात, बिड्या ओढतात, म्हणून त्यानं तो आमच्या लोकांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवून दिला होता. तिथं वीज आलेली होती. सेट सांभाळायची एक बाई. तिचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये, महिन्यातून एकदा घरी यायचा. चाळिशीची असेल. आवाज खणखणीत आणि तोंड त्याहून. मी तिला पहिल्यांदा जयभीम घातला तेव्हा तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, आपला मानूस रेडिओ दुरुस्त कऱ्याले येते हे मले माईत नोतं.

मी मावशी म्हणायला लागलो. माझ्या सगळ्या फेऱ्यांमध्ये तेवढा एकच रेडिओ असा होता की झाकण उघडताना मला तोंडावर रुमाल धरावा लागला नाही. ती रोज तो कोरड्या फडक्यानं पुसायची. त्याच्यावर तिनं स्वतः विणलेला, पांढऱ्या दोऱ्याचा, कडेला निळी फुलं असलेला रुमाल घातलेला असे. लेकरांनी सेटला हात लावला तर त्यांच्या कानाखाली पडायची.

पण तिथंही जोडणीनं व्हायचं तेच झालं. जुना भोंगा नव्या सेटच्या आवाक्यातला नव्हता. आवाज मोठा यायचा पण फाटलेला, कोणीतरी डब्यात खडे घालून हलवावेत तसा. बाजारभाव सांगणारा माणूस भांडतो आहे असं वाटायचं. थोड्या वेळात सेटची पाठ इतकी गरम व्हायची की हात ठेववत नसे. मी तिला सांगितलं की, भोंगा काढून ठेवा, सेटच्या आतल्या छोट्या स्पीकरवर जेवढं ऐकू येईल तेवढं ऐका. नाहीतर नवा सेट जळेल. वस्तीतली माणसं मग सेटभोवती गोल करून, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून ऐकायची. मागं बसलेल्यांना काही कळायचं नाही.

मी कचेरीत परत जाऊन साहेबांना म्हणालो की, या दोन गावांचं तरी एकत्र करा. एकाकडं नवा भोंगा पडून आहे, एकाकडं नवा सेट पडून आहे. साहेबांना हे पटलं, पण त्यांनी ठरवलं ते वेगळंच. ते म्हणाले, शेलूबाजारकडच्या सरपंचांची वर ओळख आहे, ते परवाच तक्रार करून गेले. नवा सेट त्यांना द्या म्हणजे त्यांचं दोन्ही नवं होईल, आणि त्यांचा जुना सेट समाजमंदिरात नेऊन ठेवा. तिथं जुना भोंगा आहेच.

मी म्हणालो की, ज्यांनी सेट नीट ठेवला त्यांच्याकडून काढून ज्यांनी तबकाखाली ठेवला त्यांना द्यायचा. साहेब म्हणाले, दोन्ही गावांचा आवाज सुरू होईल ना, मग तुम्हाला काय पाहिजे. टेबलावरच्या काचेवर ते बोटानं रेघा ओढत होते. पण ते म्हणाले त्यात एक गोष्ट खरी होती, की जुना सेट आणि जुना भोंगा एकत्र आले तर वस्तीला निदान धड ऐकू येणार होतं.

मावशीला सांगायला मीच गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

मी म्हणालो, नाही.

"मंग काहून नेऊन राह्यले?"

ती उठली, सेट पुसला, वायर गुंडाळली, सुतळीनं बांधली. बांधताना म्हणाली की न्यायचाच असेल तर असा उघडा नेऊ नका, रस्त्यानं फुफाटा जाईल आत. आणि तो विणलेला रुमाल तिनं सेटभोवती गुंडाळला. मी नको म्हणालो. ती म्हणाली, जुना सेट आणाल तेव्हा परत आणजा.

सेट मांडीवर घेऊन मी वाशीमला आलो. दुसऱ्या दिवशी मालेगावला गाडी बदलून शेलूबाजारला उतरलो आणि तिथून एका बैलगाडीवाल्यानं मला गावापर्यंत आणलं.

सरपंच ओसरीतच होते. सेट पाहून त्यांचा चेहरा फुलला. मागचं सगळं विसरून त्यांनी मला पाटावर बसवलं, चहाची ऑर्डर आत गेली. त्यांनी सेट माझ्या हातून स्वतःच घेतला, मांडीवर ठेवला, वजन करून पाहिलं, गोंजारल्यासारखा हात फिरवला. किती हलका आहे, विज्ञान कुठल्या कुठं गेलं, असं काहीबाही बोलत होते. मग त्यांचं लक्ष रुमालाकडं गेलं. त्यांनी त्याची कड बोटात धरली.

"हे विनकाम कोनं केलं? लय बारीक हाये."

मी म्हणालो, "हा सेट आधी जिथं होता तिथल्या बाईनं. समाजमंदिरात होता. तीच सांभाळायची."

"कोनतं समाजमंदिर?"

मी सांगितलं.

त्यांनी सेट मांडीवरून खाली ठेवला. घाईनं नाही, हळूच. मग दोन्ही हात धोतराला पुसले. ते करताना ते माझ्याकडं पाहून हसतही होते, तोंडावरचं सौजन्य ढळू न देता. मी ते हात पाहत होतो. शेजारीच त्यांचा जुना सेट होता. त्याच्या जाळीतून झुरळाच्या मिशा हलत होत्या, वरच्या तबकातून काताचं पाणी सांडून एका बाजूनं ओघळ वाळले होते. त्या सेटवर त्यांनी मघाशी कोपर टेकलं होतं.

ते म्हणाले की, माझं स्वतःचं काही नाही हो, मी असलं काही मानत नाही. पण घरात बायामाणसं आहेत, देवघर शेजारीच आहे. साहेबांना सांगा, दुसरा एखादा सेट पाठवा. कोरा असला म्हणजे झालं.

मला राग यायला हवा होता. पण राग आला नाही. मी म्हणालो, "सरपंचसाहेब, तुमचा हा जुना सेट मी इतके वर्षं उघडून राह्यलो. आत हात घालतो, पुसतो, पुन्हा लावतो. मी त्याच समाजाचा हाये."

तेव्हाच आतून चहा आला. आणणाऱ्या सरपंचीणबाई उंबऱ्यावरच थांबल्या. सरपंच कपबशीकडं पाहत होते. मी आजवर त्यांच्या घरच्या किती कपांतून प्यालो असेन याचा ते हिशेब करत आहेत, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले की, हे आधी सांगायले पायजे होतं.

मी सेट उचलला, रुमाल नीट गुंडाळला आणि निघालो. चहा तिथंच राहिला. तो सेट मी परत रिसोडकडं नेऊन दिला. मावशीनं विचारलं तर मी म्हणालो की त्यांना नको आहे. बाकी काही सांगितलं नाही.

थोड्या दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. शेलूबाजारकडून तक्रार आली होती की, मेकॅनिकनं मागच्या फेरीत सेटमध्ये काहीतरी करून ठेवल्यामुळं तो कायमचा बंद पडला. माझ्याकडून खुलासा मागितला होता. मी म्हणालो की, मागच्या फेरीत मी त्या सेटला हातच लावला नाही. साहेब म्हणाले, जाऊन पाहून या.

मी गेलो तेव्हा सरपंच बाजाराला गेले होते. सेट ओसरीतून हलवून बाहेर गोठ्याच्या भिंतीशी ठेवला होता. झाकण उघडलं. सगळ्यात मोठा दिवा मधोमध तडकून त्याची काच खाली पडली होती, दुसऱ्याच्या काचेवर पांढरी बुरशी चढल्यासारखं झालं होतं, आणि ट्रान्सफॉर्मर जळून त्याचं डांबर बाहेर आलं होतं. सगळ्यावर पिवळट ओघळ. वास उंदराचा नव्हता. मी वाकून हुंगलं आणि पटकन मागं झालो.

सरपंचीणबाई दारात उभ्या होत्या. त्या आजूबाजूला पाहून खालच्या आवाजात म्हणाल्या, "ह्यायनंच सांगतलं, गोमूत्र शिपडून घे म्हने. मी शिपडलं. चालूच होता तो. फट्ट वाजलं अन् धूर निंगाला." मग जरा थांबून म्हणाल्या की, त्या कपबश्याही मला फेकायला लावल्या, माहेरच्या होत्या.

त्यांच्या बोलण्यात माझ्याबद्दल वाईट वाटल्याचं काही नव्हतं. कपबश्यांचं वाटत होतं. तेही खरंच होतं बहुतेक. पाणी पाहिजे का असं त्यांनी विचारलं नाही, मीही मागितलं नाही.

चालू सेटच्या तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं तर काच तडकणारच. पण माझ्या डोक्यात काच नव्हती. मी तिथं उभा राहून विचार करत होतो की, इतकी वर्षं या सेटमधली उंदरांची लेंडी, झुरळांची अंडी, यांच्या तोंडच्या पिचकाऱ्या मी बोटांनी काढल्या. ती घाण यांना चालली. माझी बोटं चालली नाहीत. ती धुऊन काढायला मूत लागलं. माझे हात तेव्हा खरोखर खराब झाले होते, त्या पिवळ्या चिकट पाण्यानं. मी ते मातीत घासले, मग गावाबाहेरच्या नाल्यावर घासले. नाल्याला पाणी कमी होतं आणि म्हशी बसलेल्या होत्या, पण मी तिथं बराच वेळ बसलो.

कचेरीत मी लिहून दिलं की, चालू सेटवर गोमूत्र शिंपडल्यामुळे सेट नादुरुस्त झाला, आणि ते का शिंपडलं तेही लिहिलं. साहेबांनी कागद वाचला आणि दार लावून घेतलं. सरकारी कागदात असं लिहितात का, म्हणाले. पावसाचं पाणी गेलं असं लिहा, तुमच्यावरचा ठपकाही निघून जाईल आणि त्यांचं नावही राहील. मी म्हणालो की उन्हाळा सुरू आहे, पाऊस कुठून आणू. ते चिडले. मला म्हणाले की, तुम्हाला त्या माणसाचा सूड घ्यायचा आहे.

मी म्हणालो, "मले काहीच घ्यायचं नाही साहेब. जे झालं ते लिहिलं. कागद बदलणार नाही."

साहेबांशी मी कधी वऱ्हाडी बोलत नसे. तेव्हा तोंडातून निघून गेलं. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हातानं वरती शेरा मारला की, द्रव पदार्थ सांडल्यामुळे सेट निकामी. मला दाखवलाही, जणू काही तोडगा काढला म्हणून शाबासकीच पाहिजे होती. द्रव पदार्थ. ते अक्षर सुरेख होतं, वळणदार. मला त्या माणसाच्या खोलीत उभं राहवेना.

त्या शेऱ्यानं एक गोष्ट मात्र झाली, कोणाच्याही मनात नसताना. सेट निकामी म्हटल्यावर त्या गावाला भोंग्याचा उपयोग नाही, आणि उपयोग नसलेली वस्तू भांडारात परत यायला हवी असा नियम होता. मी जाऊन भोंगा उतरवून आणला. सरपंच त्या वेळी घरी होते, पण बाहेर आले नाहीत. भांडारात आलेल्या भोंग्याला गाव पाहिजे होतं. मी साहेबांपुढं कागद ठेवला, रिसोडकडच्या गावचा. त्यांनी न पाहता सही केली. त्यांना ते प्रकरण डोळ्यांपुढून जायला हवं होतं.

भोंगा मी एसटीच्या टपावर चढवला आणि समाजमंदिरात नेला. कापलेल्या वायरीला मी कचेरीतच नवी पिन लावली होती, ती सेटच्या भोकात अलगद बसली. इथं कापायची, सोलायची, पिळायची गरजच पडली नाही. लावल्याबरोबर स्वच्छ, भरलेला आवाज आला. हवामान सांगत होते. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं, पलीकडच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही. लोक जागच्या जागी बसून ऐकत राहिले.

मावशीनं मला भोंगा कुठून आला ते विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं, धोतराला पुसलेल्या हातांपासून ते द्रव पदार्थापर्यंत. तिनं पदर खोचला. मग शिडी मागवली आणि मला भोंगा पुन्हा खाली काढायला लावला.

"त्यायच्या माडीवर होता ना हा? मंग धुवा लागते."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण तिनं भोंगा आडवा करून मला आत दाखवलं. त्या घराच्या माडीवर असताना कबुतरांनी त्याच्या नरड्यात घाण करून ठेवली होती, वाळून कडक झालेली, पिसं चिकटलेली. मी इथं बांधताना ते पाहिलंच नव्हतं, इतका वैतागलो होतो. तिनं ओल्या फडक्यानं ती सगळी काढली, फडकं उकिरड्यावर फेकलं, आणि हात राखेनं धुऊन म्हणाली की, आता चढवा. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या नव्हत्या. ती हसली नाही आणि मीही हसलो नाही.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या खेपेला माल आला तेव्हा शेलूबाजारकडच्या त्या गावाला नवा सेट आणि नवा भोंगा, दोन्ही मिळाले. ज्यांनी एक सेट मुतानं मारला होता त्यांना. ओळख वरची होती. आणि बसवायला कोण जाणार, तर त्या भागाचा मेकॅनिक मीच.

गेलो. या वेळी सेट ओसरीत नाही, पंचायतीच्या खोलीत बसवा, असं सरपंचांनी निरोपानं सांगितलं होतं. ते स्वतः आले, चार माणसांना घेऊन. मी शिडीवर चढून काम करत असताना खाली ते त्या माणसांना सांगत होते की, रेडिओ साऱ्या गावाचा आहे, इथं कोणीही येऊन ऐकावं, कोणाला मज्जाव नाही. पंधरा ऑगस्टचाच आवाज होता. पंचायतीच्या शिपायानं माझ्यासाठी चहा आणला, कानतुटक्या कपात, आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. बाकीच्यांचा आत आला.

जोडणी चांगली झाली. नवा सेट, नवा भोंगा, चुकायला काही नव्हतंच. आवाज नाल्यापर्यंत जात होता. मी सही घेतली, हत्यारं पिशवीत भरली. सरपंच म्हणाले की, चहा राहिला तुमचा. मी म्हणालो, राहू द्या.

शेलूबाजारच्या स्टँडवर बस यायला अवकाश होता. तिथल्या हॉटेलात भजी तळत होते, आणि दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी ती खाल्ली असती. मी हॉटेलच्या मागं गेलो आणि पोटात काही नसताना ओकलो. पित्तच पडलं. हॉटेलवाल्या मुसलमान म्हाताऱ्यानं आतून पाहिलं, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि उन्हात हिंडू नका म्हणाला. मी चूळ भरली. बस आल्यावर मागच्या सीटवर बसलो आणि त्या आठवड्यातच दुसऱ्या खात्यात बदलीसाठी अर्ज केला. अर्जात कारण प्रकृती अस्वास्थ्य लिहिलं. ते खोटं नव्हतं.